आकडा खाली आणायचे औषध

यकृताच्या कर्करोगाचा संशय असलेल्या रुग्णाच्या रिपोर्टवर बहुतेक वेळा एक आकडा असतो आणि नातेवाइकांची सगळी नजर त्या एका आकड्यावर खिळलेली असते. अल्फा-फीटोप्रोटीन नावाच्या प्रथिनाचा तो आकडा. आम्हा प्रयोगशाळेतल्या माणसांच्या तोंडी नुसते एएफपी. परळच्या रुग्णालयांच्या आसपास रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करताना हा रिपोर्ट न्यायला येणारी माणसे मी सतत पाहते. कोणी सावंतवाडीहून आलेले असते, कोणी यवतमाळहून, कोणी थेट बिहारमधून. काहींची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झालेली असते, काही जण नातेवाइकांच्या एका खोलीत दाटीवाटीने राहिलेले असतात. रिपोर्टचा अर्थ सांगणे हे डॉक्टरांचे काम, माझे नव्हे. तरी खिडकीपाशी थांबून माणसे विचारतातच. पत्नीचा रिपोर्ट हातात धरून एका काकांनी विचारलेला प्रश्न मला त्या सगळ्यांत नेमका वाटतो. "ताई, हा आकडा खाली आणायचं काही औषध मिळतं का?"

ऐकणाऱ्याला हा प्रश्न भाबडा वाटेल. पण कर्करोगाच्या पेशी रक्तात जी प्रथिने सोडतात, त्यांच्याबद्दल विचारण्याजोगा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. रक्तात वाढलेले ते प्रथिन ही गाठीची केवळ खूण आहे, की गाठ वाढण्यामागचे कारणही तेच आहे? खूण असेल, तर आकडा खाली आणून काही साधणार नाही. कारण असेल, तर तो खाली आणणे हाच उपचार ठरेल. "यकृताच्या कर्करोगामागचे प्रथिन सापडले" अशा मथळ्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात आणि आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॅप गटावर कोणी ना कोणी त्या पुढे ढकलतेच. त्या वाचताना मला या काकांचा प्रश्न आठवतो, कारण बातमी लिहिणाऱ्याने तो स्वतःला विचारलेला नसतो.

एएफपीपुरते उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट आहे. १९६३ मध्ये मॉस्कोतले गॅरी अबेलेव्ह आणि त्यांचे सहकारी यांनी असे दाखवले, की यकृताची गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात एक प्रथिन सापडते, जे एरवी गर्भातल्या आणि नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांच्या रक्तातच असते. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव्ह यांना तेच प्रथिन यकृताचा कर्करोग झालेल्या माणसांच्या रक्तात आढळले. गर्भाचे यकृत हे प्रथिन भरपूर बनवते. जन्मानंतर त्याचे उत्पादन जवळजवळ बंद होते आणि निरोगी प्रौढ माणसात त्याची पातळी साधारणपणे दर मिलिलिटरला १० नॅनोग्रॅमच्या खालीच राहते. यकृताची पेशी कर्करोगाकडे वळली, की गर्भावस्थेनंतर मिटून ठेवलेली काही जनुके ती पुन्हा उघडते आणि एएफपीचे जनुक त्यांपैकी एक असते.

म्हणजे एएफपी वाढणे हा पेशी मागे सरकल्याचा पुरावा आहे, पण तोही पक्का नव्हे. यकृताचा कर्करोग असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत हा आकडा वाढतच नाही. उलट गरोदरपणात तो वाढतो, हेपटायटिसचा जोर चढला की वाढतो, अंडाशयाच्या किंवा वृषणाच्या काही गाठींतही वाढतो. त्यातून यंत्राची म्हणून एक गंमत असते. एएफपी मोजताना सीरममध्ये, म्हणजे पेशी वेगळ्या काढल्यावर उरणाऱ्या रक्ताच्या द्रवात, दोन प्रकारची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) घालतात. एक प्रतिपिंड प्रथिनाला एका बाजूने धरते, दुसरे दुसऱ्या बाजूने, आणि दोघांच्या मध्ये अडकलेले प्रथिन जितके जास्त, तितका प्रकाश यंत्राला दिसतो. पण प्रथिन बेसुमार असले, तर दोन्ही प्रतिपिंडांना वेगवेगळे रेणू मिळतात, मध्ये अडकलेल्या जोड्या कमी होतात आणि यंत्र चक्क कमी आकडा दाखवते. सोनोग्राफीत मोठी गाठ दिसते आहे आणि एएफपी मात्र किरकोळ, असे सॅम्पल समोर आले, की आम्ही ते दहापट, शंभरपट डायल्यूट करून पुन्हा लावतो. आणि कधी कधी पहिल्या वेळी साधा वाटलेला आकडा काही हजारांवर जाऊन पोचतो. एवढ्यासाठी तरी मी त्या आकड्याला फार मान देत नाही.

मग हे प्रथिन गाठीला वाढवते का? एएफपीचे जनुकच काढून टाकलेले उंदीर २००२ मध्ये तयार करण्यात आले, तेव्हा ते गर्भात व्यवस्थित वाढले आणि धडधाकट जन्मले. फक्त त्यांच्या माद्यांना पिल्ले होत नव्हती. ज्या प्रथिनाच्या नावातच गर्भ आहे, त्याच्यावाचून गर्भाचे अडत नाही, ही गोष्ट मला फार शिकवून जाणारी वाटते. प्रयोगशाळेतल्या पेशींवर एएफपीचे काही परिणाम दिसतात, असे सांगणारे काम झाले आहे. पण आजवर वापरात आलेले कोणतेही औषध एएफपीला अडवून गाठ आवरत नाही. रामुसिरुमॅब हे औषध २०१९ पासून एएफपी ४०० किंवा त्याहून अधिक असलेल्या, आधीचे औषध घेऊन झालेल्या रुग्णांना देतात, पण ते औषध एएफपीला हातही लावत नाही. ते रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या संदेशाची वाट अडवते; एएफपीचा आकडा फक्त कोणाला द्यायचे हे ठरवण्यापुरता. काकांना द्यायचे उत्तर 'नाही' हेच होते. मात्र हेच त्यांनी यकृताच्या कर्करोगातल्या दुसऱ्या एका प्रथिनाबद्दल विचारले असते, तर उत्तर इतके सोपे नव्हते.

त्या प्रथिनाकडे जाण्याआधी यकृताच्या पेशीचा मूळ धंदा लक्षात घ्यावा लागतो. शरीरातल्या सगळ्याच पेशी प्रथिने बनवतात, पण यकृताची पेशी ती बनवते मुख्यतः बाहेर पाठवण्यासाठी. अल्ब्युमिन हे एकटे प्रथिनच यकृताच्या पेशी मिळून दिवसाला १० ते १५ ग्रॅम रक्तात सोडतात. रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने त्यांचीच. बाहेर जायच्या प्रथिनाच्या साखळीच्या सुरुवातीला थोड्या अमिनो आम्लांचा एक तुकडा असतो. तो पेशीतल्या यंत्रणेला ओळखू येतो, साखळी योग्य पडद्यातून आत घेतली जाते, तुकडा कापून टाकला जातो आणि उरलेले प्रथिन टप्प्याटप्प्याने पेशीबाहेर पडते. ही व्यवस्था उलगडून दाखवल्याबद्दल ग्युंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल मिळाले. यकृताची पेशी कर्करोगी झाली, तरी हा धंदा सोडत नाही. ती काय पाठवते हे मात्र बदलते, आणि ते कोणाकडे जाते हेही बदलते.

आता ते दुसरे प्रथिन. त्याचे नाव फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर १९, थोडक्यात एफजीएफ-१९. त्याची पूर्ण साखळी २१६ अमिनो आम्लांची असते आणि त्यातली सुरुवातीची २४ वर सांगितलेल्या तुकड्यात खर्ची पडतात. नावात 'ग्रोथ' असले, तरी त्याचे रोजचे काम वाढीचे नाहीच. ते आहे पित्ताचा हिशेब ठेवण्याचे. आणि तो हिशेब इतका सुरेख आहे, की तो नीट सांगितल्याशिवाय पुढचा बिघाड कळणार नाही.

दुपारी सुरमईची तळलेली तुकडी आणि नारळ घातलेले कालवण जेवलो, असे समजू. त्यातली चरबी विरघळवण्यासाठी पित्ताशय आकसते आणि पित्त आतड्यात येते. पित्तातली मुख्य द्रव्ये म्हणजे पित्ताम्ले; ती यकृताच्या पेशी कोलेस्टेरॉलपासून बनवतात. काम झाल्यावर त्यांतली जवळजवळ ९५ टक्के पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुन्हा शोषली जातात आणि प्रतिहारी शिरेतून यकृताकडे परत येतात. पण परतलेल्या पित्ताम्लांखेरीज आणखी एक गोष्ट त्याच शिरेतून निघते. आतड्याच्या त्या शेवटच्या भागातल्या पेशींना पित्ताम्ले भेटली, की त्यांच्या आतला एफएक्सआर नावाचा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे निरोप झेलणारे प्रथिन) जागा होतो आणि त्या पेशी एफजीएफ-१९ बनवून रक्तात सोडतात. ते यकृताला पोचते, तिथल्या पेशींच्या पृष्ठभागावरच्या एफजीएफआर-४ या ग्राहकाला चिकटते आणि पेशीला सांगते, की पित्ताम्ले पुरेशी आली आहेत, आता नवी बनवणे थांबव. पेशी मग सीवायपी-७ए-१ या विकराचे (एन्झाइमचे) उत्पादन कमी करते. कोलेस्टेरॉलचे पित्ताम्ल करण्याची पहिली आणि वेग ठरवणारी पायरी त्याच विकराच्या हाती असते. वरची टाकी भरली, की फ्लोट वर येऊन खालची मोटार बंद पडावी, तशी ही व्यवस्था आहे. मोटारीचे बटण यकृतात आणि फ्लोट आतड्यात.

यात एक बारकावा महत्त्वाचा आहे. एफजीएफआर-४ या ग्राहकाला एफजीएफ-१९ एकट्याने नीट चिकटत नाही. त्याला बीटा-क्लोथो नावाचे सहप्रथिन शेजारी असावे लागते. दोन्ही भरपूर प्रमाणात एकत्र असण्याची जागा म्हणजे यकृताची पेशी. त्यामुळे रक्तातून सगळ्या शरीरभर फिरूनही हा निरोप मुख्यतः एकाच अवयवाला ऐकू येतो. निरोगी प्रौढ माणसाचे यकृत स्वतः एफजीएफ-१९ जवळजवळ बनवत नाही. आतड्याने बोलावे आणि यकृताने ऐकावे, अशी वाटणी असते.

आता बिघाड. २००२ मध्ये अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीच्या शास्त्रज्ञांनी असे उंदीर तयार केले, ज्यांच्या स्नायूंत माणसाचे एफजीएफ-१९ सतत बनत राहील. प्रथिन स्नायूंत बनत होते, रक्तातून फिरत होते आणि दहा ते बारा महिन्यांत गाठी उठल्या त्या यकृतात. त्याआधीच, यकृतातल्या मध्यवर्ती शिरेभोवतीच्या पेशी गरजेपेक्षा जास्त वेगाने विभागताना दिसत होत्या. मला या प्रयोगात सर्वांत बोलकी गोष्ट वाटते ती गाठीच्या जागेची. ज्या स्नायूंत हे प्रथिन बनत होते ते स्नायू ठीक राहिले. ज्या पेशींना ते ऐकू येत होते त्या बिघडल्या. पुढे त्याच उंदरांचा संकर एफजीएफआर-४ नसलेल्या उंदरांशी केला, तेव्हा प्रथिन रक्तात तितकेच असूनही गाठी झाल्या नाहीत. एफजीएफ-१९ विरुद्धचे प्रतिपिंड टोचले, तेव्हाही गाठी रोखल्या गेल्या. एएफपीच्या बाबतीत असा पुरावा कधी उभा राहिला नव्हता. इथे मात्र तो एकेका पायरीने उभा राहिला: प्रथिन वाढवा, गाठ येते, प्रथिन अडवा, गाठ थांबते, ऐकणारा ग्राहक काढा, तरी गाठ थांबते.

"थांबव" हाच निरोप "वाढ" असा का ऐकला जातो, हे विचारणे स्वाभाविक आहे. खरे तर ग्राहकातून पेशीच्या आत जाणारे मार्ग एकाहून अधिक असतात. त्यांतला एक पित्ताम्लांचे उत्पादन रोखतो, काही मार्ग प्रथिने आणि ग्लायकोजेन (साखरेचा साठा) बनवायला सांगतात, काही पेशीविभाजनाच्या दिशेने जातात. जेवणानंतर निरोप येतो, काही तास टिकतो आणि ओसरतो, तोवर हे सगळे जागच्या जागी राहते. निरोप ओसरतच नसेल, तर विभाजनाकडे जाणारा मार्गही उघडाच राहतो. माझ्या मते या कथेत प्रथिनाच्या गुणापेक्षा त्याच्या वेळेला जास्त महत्त्व आहे आणि नेमकी हीच बाब बातमीच्या मथळ्यात मावत नाही.

उंदराचे माणसात किती खरे ठरते, ही शंका रास्तच आहे. शिवाय इथे ती अधिकच रास्त, कारण उंदराचे स्वतःचे समकक्ष प्रथिन एफजीएफ-१५ असून त्याची रचना माणसाच्या प्रथिनाशी जेमतेम निम्मी जुळते. माणसांतला दुवा वेगळ्या वाटेने आला. गुणसूत्र ११ च्या लांब भुजेवरच्या १३ क्रमांकाच्या पट्ट्यात यकृताच्या काही गाठींमध्ये डीएनएच्या जादा प्रती झालेल्या असतात. त्याच पट्ट्यात सायक्लिन डी-१ हे पेशीविभाजन पुढे रेटणारे, कर्करोगशास्त्रात आधीपासून बदनाम असलेले जनुक आहे. त्यामुळे दोष त्याच्या माथी मारून संशोधक बरीच वर्षे पुढे गेले. एफजीएफ-१९ चे जनुक त्याला अगदी खेटून आहे. २०११ मध्ये असे दाखवण्यात आले, की जादा प्रती असलेल्या गाठींच्या पेशींत एफजीएफ-१९ बंद पाडले किंवा प्रतिपिंडाने अडवले, तर त्यांची वाढ मंदावते. आधी धरलेला आरोपी खरा होता, पण तो एकटा नव्हता.

अशा गाठीत आतड्याची गरजच उरत नाही. गाठीतली पेशी स्वतःच एफजीएफ-१९ बनवते, स्वतःच बाहेर सोडते आणि स्वतःच्याच पृष्ठभागावरच्या ग्राहकाने ते ऐकते. बोलणारा आणि ऐकणारा एकच झाल्यावर पित्ताम्लांच्या हिशेबाशी त्या निरोपाचा संबंध तुटतो. जेवण झाले की नाही, पित्त पुरेसे आहे की नाही, याने काही फरक पडत नाही.

इथे एक गुंता आहे आणि तो माझ्या रोजच्या कामातला आहे. पित्तनलिका तुंबलेल्या रुग्णाचे रक्त सेंट्रिफ्यूजमधून फिरवून काढले, की वर येणारे सीरम नेहमीसारखे फिकट पिवळे नसते. ते गडद, कधी कधी तपकिरीकडे झुकणारे असते, आणि अशा सॅम्पलवर आम्ही 'आयक्टेरिक' (काविळीचे) अशी नोंद करतो, कारण तो रंग इतर काही तपासण्यांच्या आकड्यांत लुडबुड करतो. अशा रुग्णात यकृताच्या पेशी खरोखरच स्वतः एफजीएफ-१९ बनवू लागतात. पित्त बाहेर पडायला वाट नाही आणि पित्ताम्ले पेशीला जाळतात. तेव्हा नवी पित्ताम्ले बनवणे थांबवण्यासाठी यकृताने केलेला तो बचाव आहे. म्हणजे यकृताच्या पेशीने एफजीएफ-१९ सोडणे एवढ्यावरून तिला कर्करोगी म्हणता येत नाही. पित्तनलिका तुंबलेल्या माणसात तेच कृत्य पेशीला वाचवते. या कारणासाठी एखाद्या प्रथिनाला सरसकट 'कर्करोगाचे प्रथिन' म्हणण्यावर माझा आक्षेप आहे, मग ते छापणारा कोणी का असेना.

दुसऱ्या प्रथिनांची सोबतही विसरून चालत नाही. यकृताचा कर्करोग बहुतेक वेळा निरोगी यकृतात होत नाही. हेपटायटिस बी किंवा सी, दारू, आणि आता मुंबईत वाढत्या प्रमाणात दिसणारी यकृतातली चरबी, यांनी वर्षानुवर्षे सुजवलेल्या आणि व्रणांनी भरलेल्या यकृतात तो होतो. सुजलेल्या यकृतातल्या भक्षक पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे प्रथिन सोडतात. २००७ मध्ये उंदरांवर झालेल्या एका कामात असे दिसले, की हे प्रथिन नसलेल्या नरांत रसायनाने होणाऱ्या यकृताच्या गाठी खूपच कमी होतात आणि माद्यांत त्याचे उत्पादन इस्ट्रोजेनमुळे मुळातच दबलेले असते. माणसांतही यकृताचा कर्करोग पुरुषांत स्त्रियांपेक्षा दोन ते तीनपट अधिक आढळतो. त्यामागे दारू आणि हेपटायटिसचे वेगळे प्रमाण हेही आहेच. एफजीएफ-१९ ने उंदरांत होणाऱ्या गाठींनाही इंटरल्यूकिन-६ ची मदत लागते, असे पुढे दिसून आले. त्याशिवाय गाठ व्हीईजीएफ नावाचे प्रथिन सोडते आणि स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. ते अडवणारे बेव्हॅसिझुमॅब आणि प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे अॅटेझोलिझुमॅब यांची जोडी दिलेल्या रुग्णांपैकी वर्षभरानंतर ६७.२ टक्के हयात होते, तर आधीच्या सोराफेनिब या औषधावर ५४.६ टक्के, हे निकाल २०२० मध्ये छापून आले. ही जोडी आज उपचारांत पहिल्या रांगेत आहे आणि परळला येणाऱ्या अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरही आहे.

आता पुन्हा काकांच्या प्रश्नाची दुसरी आवृत्ती: एफजीएफ-१९ खाली आणायचे औषध मिळते का? उंदरांत प्रतिपिंड यशस्वी झाल्यावर ते माकडांना देऊन पाहिले. माकडांना जोरदार जुलाब झाले आणि त्यांच्या यकृताला इजा झाली. कारण उघड होते. प्रतिपिंडाने गाठीचा निरोप आणि आतड्याचा निरोप यांत फरक केला नाही. आतड्याकडून यकृताला जाणारे "थांबव" अडले, पित्ताम्लांचे उत्पादन मोकाट सुटले आणि त्यांनी आतडे व यकृत दोन्ही भाजून काढले. ज्या प्रथिनाला गाठ वाढवणारे म्हणून अडवायला गेलो, त्याचे रोजचे काम किती गरजेचे होते, हे त्या माकडांच्या पोटाने दाखवून दिले.

दुसरी वाट होती ऐकणाऱ्याला बधिर करण्याची. एफजीएफआर-४ च्या आतल्या कप्प्यात ५५२ क्रमांकाच्या जागी सिस्टीन हे अमिनो आम्ल आहे, जे त्याच्या सख्ख्या भावंडांत, म्हणजे एफजीएफआर-१, २ आणि ३ मध्ये, त्या जागी नाही. फिसोगॅटिनिब हे औषध नेमके त्या सिस्टीनला कायमचे चिकटण्यासाठी बेतलेले आहे. त्यामुळे ते भावंडांना फारसे न छेडता चौथ्यालाच बंद करते. २०१९ मध्ये छापलेल्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत गाठीच्या तुकड्यावर रंग देऊन एफजीएफ-१९ आहे की नाही हे आधी पाहिले होते. ज्यांच्या गाठीत ते होते, त्यांच्यापैकी १७ टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय आकसली. ज्यांच्या गाठीत नव्हते, त्यांच्यापैकी एकाचीही नाही. जुलाब याही औषधाने झाले, पण बहुतेकांना सोसवण्याइतके.

१७ टक्के हा आकडा वाचून निराशा होते, हे खरे. पण त्याच्या शेजारचा शून्य मला जास्त मोलाचा वाटतो. साधारणपणे यकृताच्या कर्करोगाच्या औषधांना कोण दाद देईल हे आधी सांगता येत नाही. सगळ्यांना तेच औषध दिले जाते आणि वाट पाहिली जाते. इथे निदान कोणाला देऊ नये, हे गाठीच्या तुकड्यावरून सांगता आले. लेन्वॅटिनिब हे यकृताच्या कर्करोगावर २०१८ पासून वापरात असलेले औषध चारही एफजीएफ ग्राहकांना आणि रक्तवाहिन्यांच्या ग्राहकांनाही एकाच वेळी अडवते. मुंबईत कित्येकांना ते दिले जाते, पण त्याच्या परिणामातला किती वाटा एफजीएफ-१९ च्या वाटेचा, हे रुग्णागणिक वेगळे काढता येत नाही.

याच प्रथिनाची एक उलटी कहाणीही आहे. पित्ताम्लांचे उत्पादन थांबवण्याचा त्याचा गुण औषध म्हणून वापरता येईल, असे काहींना वाटले. अडचण होती ती गाठ वाढवण्याची. साखळीच्या सुरुवातीच्या टोकाशी थोडे फेरफार केल्यावर असे प्रथिन मिळाले, जे पित्ताम्ले थांबवते पण उंदरांत गाठी करत नाही. आल्डाफर्मिन या नावाने ते चरबी साठून सुजलेल्या यकृताच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले. यकृतातली चरबी उतरली, पण २०२१ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या चाचणीत व्रण सुधारण्याचे ठरवलेले उद्दिष्ट त्याला गाठता आले नाही. तरीही त्यातून एक गोष्ट कळली, की "थांबव" आणि "वाढ" हे दोन अर्थ एकाच साखळीत असले, तरी ते एकमेकांपासून सोडवता येतात.

फिसोगॅटिनिबला दाद दिलेल्या रुग्णांत तो परिणाम सरासरीने पाच-सव्वापाच महिने टिकला. मग गाठ पुन्हा वाढू लागली. अशा काही रुग्णांच्या गाठीचा डीएनए पुन्हा वाचला, तेव्हा एफजीएफआर-४ च्या जनुकातच नवे बदल सापडले: काहींत ५५० क्रमांकाच्या जागी, जिथून औषध आत शिरते, आणि काहींत ५५२ क्रमांकाच्या त्याच सिस्टीनच्या जागी, ज्याला औषध चिकटते. गाठीपुढे वाढीच्या कितीतरी वाटा मोकळ्या असतात. एखादे प्रथिन तिच्यासाठी नुसती खूण असते, तर औषधापुढे तिने ती खूण सोडून दिली असती आणि तिचे काही बिघडले नसते. या गाठींनी तसे केले नाही. औषधाला तेवढी एक जागा नाकारून त्यांनी एफजीएफ-१९ ऐकू येत राहील अशी तजवीज केली. उंदरांवरचे सगळे प्रयोग बाजूला ठेवले, तरी माणसाच्या यकृतात हे प्रथिन गाठ चालवत होते, याचा याहून भक्कम पुरावा माझ्या वाचनात नाही. आणि तो त्या रुग्णांचा आजार परत उलटल्यामुळे मिळालेला आहे. बदललेल्या त्या ग्राहकालाही बंद करू शकेल असा रेणू प्रयोगशाळेत मिळाला आहे, पण तो चारही भावंडांना सारखाच अडवतो, आणि चौथ्यालाच तेवढे गाठण्याची जी सोय त्या एका सिस्टीनमुळे झाली होती, ती त्याच्यापाशी नाही.